क्रूझच्या केबिनमधलं चार्जिंग: तुमचे अनुभव लिहा

क्रूझ ठरली की कपडे, औषधं, व्हिसा यांवर घरात भरपूर खल होतो. चार्जिंगचा विषय निघतो तो थेट केबिनचं दार उघडल्यावर. माणशी एक फोन, शिवाय घड्याळं, इयरबड्स, कॅमेरा, किंडल, आणि समोर टेबलाशी दोन-तीन सॉकेटं, तीही वेगवेगळ्या जातीची. त्यासाठी हा धागा. जहाजावर राहून आलेल्यांनी लिहा: सॉकेटं कुठे होती, कोणत्या पिना चालल्या, काय अडलं. जहाज जुनं होतं की नवं, तेही सांगा. बराचसा फरक त्यानेच पडतो.

सुरुवात मी करते. आमचं जहाज जुनं, केबिन आतली, बिनखिडकीची. टेबलावरच्या आरशाशेजारी एक चपट्या पिनांचं 110 व्होल्टचं सॉकेट आणि एक गोल पिनांचं 220 व्होल्टचं. पलंगाजवळ काहीही नाही. गोल सॉकेट भिंतीत आत खोल गेलेलं होतं, एखाद्या वाटीसारखं. आमचा चौकोनी युनिव्हर्सल अडॅप्टर त्या गोल खाचेत शिरेचना, पिना टेकायच्या आधीच त्याचे कोपरे कडेला अडत होते. शेवटी बारीक गोल पिनांचा साधा अडॅप्टर कामी आला. त्यात चार यूएसबी पोर्टांचा एकच चार्जर लावला आणि सगळ्यांचे फोन रात्रीत भरले. चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं तेवढी वाचून घ्या. तिथे ‘100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असं असेल तर 110 असो वा 220, दोन्हीकडे चालतो. हल्लीचे फोन-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात.

बोटीवरचा वीजवाला

जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. चढताना सामानाच्या तपासणीत एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतात आणि लोक चिडतात. त्यामागचं कारण नीट सांगतो.

जमिनीवर घरातल्या दोन तारांपैकी न्यूट्रल अर्थिंगला जोडलेली असते. बऱ्याच जहाजांवर वीजपुरवठ्याची कोणतीच तार जहाजाच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली नसते. हे मुद्दाम केलेलं असतं. एखादी तार कुठे सांगाड्याला टेकली तरी पुरवठा लगेच तुटत नाही, सुकाणू आणि पंप चालू राहतात, फक्त अलार्म वाजतो आणि आम्ही दोष शोधायला धावतो. म्हणजेच प्लगमधल्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असू शकतात. स्पाइक गार्डची, म्हणजे विजेची अचानक उसळी (सर्ज) अडवणाऱ्या बोर्डाची रचना मात्र जमिनीच्या हिशेबाने केलेली. त्याच्या आतले भाग तारा आणि अर्थ यांच्यामध्ये बसवलेले असतात, आणि स्विच किंवा फ्यूज बहुधा एकाच तारेवर. जहाजावर दोष आला की त्या भागांतून प्रवाह वाहत राहू शकतो. स्विच बंद असला तरी दुसऱ्या तारेतून वीज येतेच. बोर्ड तापतो, वितळतो, पेटतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2013 मध्ये याबद्दल खास सुरक्षा-इशारा काढला होता. समुद्रात आगीइतकं भय आम्हाला कशाचंच नसतं. पळून जायला जागाच कुठे असते!

काही कंपन्या सर्ज अडवणारे भाग नसलेला साधा बोर्ड चालू देतात, काही कुठलाच नाही, आणि नियम बदलतात. निघायच्या आठवड्यात कंपनीची मनाई-यादी पुन्हा वाचा. इस्त्री आणि पाणी तापवायची कॉइल तर घेऊच नका.

निळीशाई

काका, इतकं स्पष्ट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आमचाही बोर्ड तपासणीत काढून घेतला होता. पावती दिली आणि उतरताना परत मिळाला. तो परत घ्यायला वेगळ्या टेबलाकडे जावं लागतं, पावती सांभाळून ठेवा.

उशीपाशीचा_फोन

आमचं जहाज अगदी नवं. पलंगाच्या दोन्ही बाजूंना यूएसबी, शिवाय टेबलाशी सॉकेटं, काहीच अडलं नाही. यूएसबी-सी आणि जुनं चौकोनी यूएसबी दोन्ही होतं, पण सगळ्याच नव्या जहाजांवर सी असेल असं धरून चालू नका. दोन्ही केबली न्या.

सागरवेडी

सॉकेट दिसत नाही म्हणजे नाहीच असं नाही. आमच्याकडे एक टीव्हीमागे होतं, एक पलंगाच्या डोक्याशी गादीच्या आड. केबिन आवरायला येणाऱ्या दादांना विचारलं, त्यांनी हसत हसत पलंगाची कड सरकवून दाखवलं. टीव्हीच्या यूएसबीतही फोन लागतो, पण फार सावकाश, आणि टीव्ही बंद केला की बहुतेक वेळा तोही बंद. त्यावर रात्रभर घड्याळ किंवा इयरबड्स ठीक.

अण्णांची_लेक

माझा अनुभव थोडा वेगळा, पण कुणाला तरी नक्की लागेल. वडील झोपताना सीपॅप मशिन लावतात, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं यंत्र. सॉकेट पलंगापासून लांब आणि मशिनची वायर आखूड, ही काळजी मला तिकीट काढल्यापासून होती. कंपनीच्या विशेष गरजांच्या विभागाला आधीच लेखी कळवलं: मशिनचं नाव, पलंगाशेजारी वीज हवी, मशिनची हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरसाठी डिस्टिल्ड वॉटर हवं. केबिनमध्ये पोचलो तेव्हा जहाजाचीच एक्स्टेन्शन वायर पलंगाशी ठेवलेली होती, पाण्याची बाटलीही. पहिल्या रात्री मशिनचा तो ओळखीचा घुर्र आवाज सुरू झाला आणि मला गाढ झोप लागली.

कळवल्याचं उत्तर ईमेलमध्ये आलं असेल तर छापून जवळ ठेवा. आमच्या ओळखीच्या एकांना दुसऱ्या जहाजावर ‘आमच्याकडे नोंद नाही’ असं सांगून मध्यरात्रीपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. आजारी माणसाच्या बाबतीत हे अजिबात चालवून घेऊ नये.

कॅमेराबाई

दाराजवळच्या कार्डाच्या खाचेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. काही जहाजांवर त्यात केबिनच्या किल्लीचं कार्ड असेल तरच दिवे लागतात, आणि काहींवर सॉकेटंही त्यावरच असतात. आम्ही बॅटऱ्या लावून जेवायला गेलो, कार्ड अर्थातच बरोबर. परत आलो तर चार्जरचा दिवा विझलेला. दुसऱ्या दिवशी बंदरावर जुन्या किल्ल्याचे फोटो काढायचे होते, म्हणून रात्री जागून एकामागून एक बॅटऱ्या भरल्या. कार्डाच्या आकाराचं काहीही टाकलं की चालतं असं बरेच जण सांगतात. काही ठिकाणी चालतंही. तरी वीजवाले काकांचं वाचल्यावर मी तरी माघारी काही चार्जिंगला ठेवणार नाही. अंघोळ, कपडे बदलणं, दुपारची डुलकी, एवढ्यात पुष्कळ भरून होतं.

नवखा_प्रवासी

बाथरूममध्ये दाढीच्या मशिनसाठी सॉकेट असतं, त्यावर फोन लावला तर?

बोटीवरचा वीजवाला

लावू नका. त्यामागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, साधारण 20 व्होल्ट-अँपिअरच्या (ढोबळमानाने 20 वॉटच्या) आसपासचा. ट्रिमर आणि टूथब्रश एवढीच त्याची झेप. लॅपटॉपचा 65 वॉटचा चार्जर तर मुळीच नाही. आणि ओल्या जागेत फोन कशाला?

केसांचं_काय

केसांच्या स्ट्रेटनरवर फक्त ‘120 व्होल्ट’ लिहिलं असेल तर तो 220 च्या सॉकेटात घालू नका. पिन बदलणाऱ्या अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही. आमच्या शेजारच्या केबिनमध्ये हेच झालं, जळका वास पार कॉरिडॉरभर. हेअर ड्रायर बहुतेक केबिनमध्ये असतोच, नेऊ नका.

लाटांवर_मी

चार्जिंग कसं करायचं इतकंच बॅटरी कशी टिकवायची हेही महत्त्वाचं. जहाजावर चढलात की फोन फ्लाइट मोडवर टाका आणि वाय-फाय वेगळं चालू करा. नाहीतर फोन दिवसभर टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी संध्याकाळच्या आत बसते. वर जहाजाचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क पकडलं तर बिल डोळे पांढरे करतं. जहाजाचं ॲप फ्लाइट मोडमध्येही वाय-फायवर चालतं. घड्याळाची वेळ मात्र हाताने लावा. किनाऱ्याजवळ फोन तिथली वेळ उचलतो, जहाजाची वेळ निराळी असू शकते, आणि बंदरावरून परतायचं ते जहाजाच्या वेळेने.

बंदरावर फिरताना पॉवर बँक हवीच. विमानाने जाणार असाल तर 100 वॉट-अवरच्या आतली घ्या, 20,000 एमएएचची साधारण 74 भरते. ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही.

सागरवेडी

आणखी एक राहिलं. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक मस्त चिकटतात. त्यावर कापडी पिशवी टांगून फोन त्यात ठेवतो. एका रात्री जहाज चांगलंच हलत होतं, तेव्हा टेबलावर चार्जिंगला लावलेला टॅब घसरत कडेला आला आणि केबलवर लोंबकळत राहिला. केबलचं टोक वाकलं, टॅब वाचला. तेव्हापासून पिशवीच. आणि केबल दोन मीटरची, म्हणजे टेबलाच्या सॉकेटातून पलंगापर्यंत पोचते. रात्री उठणाऱ्याच्या पायात येणार नाही अशी भिंतीच्या कडेने सोडायची.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः अण्णांच्या लेकीचे आणि वीजवाले काकांचे. बाळाचं दूध गरम करायची उपकरणं, व्हीलचेअर किंवा स्कूटरची बॅटरी, यांबद्दल कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहा, विचारणा होत आहे.

शेवटच्या रात्रीचं एक लक्षात ठेवा. मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट बंदरावर मिळतात. तेव्हा चार्जर, केबली, अडॅप्टर आणि सीपॅप मशिन त्या बॅगांत भरू नका, हातातल्या पिशवीसाठी बाजूला काढा. सकाळी निघताना टीव्हीमागच्या आणि गादीआडच्या सॉकेटातही एकदा हात घालून बघा.