मॅटिचची जर्सी कुणीच का मागत नाही?

सातपूरचा सहा नंबर:
आमच्या मैदानावर संध्याकाळी चौदा वर्षांखालची पोरं येतात, मी शिकवतो. यंदा जर्सीवर आवडत्या खेळाडूचं नाव छापायचं ठरलं. पोग्बा, मॉड्रिच, डी ब्रुईने, दोघांना कान्टे. नेमान्या मॅटिच, म्हणजे बचावफळीच्या पुढे उभा राहणारा सर्बियाचा मिडफिल्डर, एकालाही नको. एकाने तर "तो कोण, सर?" असंच विचारलं. मला ते लागलं.

२०१४-१५ मध्ये चेल्सीने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा फॅब्रेगासच्या १८ असिस्ट (गोल करून देणारे पास) गाजल्या. पण फॅब्रेगास बिनधास्त पुढे जायचा तो मागे मॅटिच आहे म्हणून. २०१६-१७ ला पुन्हा लीग, आता शेजारी कान्टे, आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला कान्टे. मग मँचेस्टर युनायटेडमध्ये शेजारी पोग्बा. नाव दरवेळी शेजारच्याचंच झालं.

माझ्याकडे एक पोरगा आहे. उंच, डावखुरा, पळायला जरा मंद, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. त्याला स्ट्रायकरच व्हायचंय. मॅटिच दाखवायचाय त्याला. कुठली मॅच दाखवू?

गंगापूररोड ब्लूज:
२२ एप्रिल २०१७, वेम्बली, एफए कप सेमीफायनल, चेल्सीसमोर स्पर्स (टॉटनहॅम). ४-२ मधला चौथा गोल! बॉक्सच्या बराच बाहेरून डाव्या पायाने, क्रॉसबारला खालून घासून आत. पोर्तुगालमध्ये बेनफिकाकडून पोर्टोविरुद्ध मारलेली व्हॉलीही (चेंडू हवेत असतानाच मारलेला शॉट) दाखवा, २०१३ च्या पुश्कास पुरस्कारात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम गोलच्या पुरस्कारात, ती दुसरी आली होती.

देवळालीकर:
मॅटिच मलाही आवडतो भाऊ, पण कान्टेचं नाव फुकट झालेलं नाही. आधी लेस्टरकडून लीग, लगेच पुढच्या वर्षी चेल्सीकडून, मग फ्रान्सकडून २०१८ चा वर्ल्ड कप. त्याच वर्ल्ड कपात मॅटिचचा सर्बिया गटातच बाद झाला. आपल्याकडे बरेच लोक फुटबॉल बघतात ते वर्ल्ड कपलाच. त्यांना मॅटिच दिसला तीन मॅच, कान्टे थेट फायनलपर्यंत.

पंचवटीचा स्टॉपर:
नुसते गोल दाखवू नका दादा, पोरगा उद्यापासून लांबून शॉटच मारत बसेल. मी मागे खेळतो म्हणून सांगतो, समोर असा माणूस असला की स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) जागा सोडून धावावं लागत नाही. आपली टीम हल्ला करत असताना मॅटिच कुठे उभा आहे, तेवढंच त्या पोराला बघायला सांगा. चेंडू समोरच्या टीमकडे गेला की त्यांचा पुढचा पास बहुतेक मॅटिचच्याच पायाशी येतो.

सातपूरचा सहा नंबर:
देवळालीकर, वर्ल्ड कपचं पटलं. स्टॉपरभाऊ, तुमचं तर अगदी मनातलं. मग स्पर्सचीच मॅच लावतो, पण पूर्ण. त्यात कान्टे आणि मॅटिच शेजारी-शेजारी आहेत, म्हणजे कान्टेवाली दोघंही बसतील. गोल ८० व्या मिनिटाला आहे, तोवर मॅटिचची जागा बघायला भरपूर वेळ मिळेल. पूर्ण नव्वद मिनिटांचं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे का? मला तुकडेच सापडतायत.