मदत हवी आहे : आंब्याची कलमं काळी पडत आहेत

काटोलनाका : मंडळी, तातडीनं मदत हवी आहे. पाऊस लागल्यावर आंब्याची कलमं बांधली, पण सगळ्या काड्या काळ्या पडून गेल्या. पट्टी घट्ट होती, पाणीही वेळेवर देत होतो. पुन्हा बांधायची आहेत आणि वेळ अजिबात नाही. काय करू?

मातीवाला : खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधली ते, काय आहे? पिशवीतलं रोप की मोठं झाड? काडी कुठली, किती जून? काहीच लिहिलं नाही, सांगायचं कसं?

वर्धारोड_बाग : भेटकलम करा. काडी मूळ झाडालाच राहते, वाळायचा प्रश्नच येत नाही. दोन-अडीच महिन्यांत जोड पक्का.

मातीवाला : भाऊ, त्यासाठी रोपं मांडवावर चढवून फांदीला भिडवायची आणि रोज पाणी घालायचं. झाड दाराशी असेल तरच जमतं.

काटोलनाका : झाड काटोलकडच्या गावात, आम्ही नागपुरात. आजीनं लावलेलं गावरान झाड आहे. आंबा लहान, रस पातळ, पण देठ मोडला की बडीशेपेचा वास येतो. जमीन विकली गेली, पोळा झाला की झाड पाडणार. दोन-अडीच महिने कुठून आणू? खुंट म्हणजे पिशवीतली वर्षभराची गावरान रोपं, पेन्सिलीएवढी. काड्या सकाळी तोडल्या, पानं तिथंच काढली, संध्याकाळी घरी येऊन बांधल्या.

गच्चीवरची_ताई : आम्रपाली लावा ना. दशहरी आणि नीलमचा संकर, झाड आटोपशीर राहतं, शहरातल्या जागेला बरं.

काटोलनाका : ताई, मला आंबा नको, हाच आंबा हवा आहे.

जुना_माळी : मग कोय लावून मोकळे व्हा. आपल्या आजोबांनी कुठं कलमं बांधली होती?

मातीवाला : काका, कोयीत दुसऱ्या झाडाच्या परागाचे गुणही उतरतात. आपल्याकडच्या आंब्याच्या कोयीतून सहसा एकच रोप येतं आणि ते आईसारखं निघेलच असं नाही. तो वास हवा असेल तर कलमच.

काटोलनाका, पानं तोडणीच्या दिवशी काढली तिथंच बिघडलं. काडी झाडावर असतानाच पानं छाटायची, देठ ठेवायचे. ८-१० दिवसांत देठ आपोआप गळतात, शेंड्याचा डोळा फुगतो. तेव्हा काडी तोडायची. जाडी खुंटाएवढी, लांबी १०-१५ सेंमी, वय ३-४ महिने. ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, वरून प्लास्टिक. खुंट कोवळ्या भागात कापून मधोमध चीर द्या, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तासा आणि साल सालीला भिडवा. दोन्हीकडे भिडत नसेल तर निदान एकीकडे तरी. बांधल्यावर काडीवर काही घातलं होतं का?

काटोलनाका : नाही. उघडीच होती, अंगणात.

मातीवाला : मग पावसाचं पाणी चिरेत उतरलं असणार. पेप्सीकोल्याची लांब पिशवी टोपीसारखी घाला, जोडाखाली बांधा आणि रोपं सावलीत, पाऊस लागणार नाही अशी ठेवा.

संत्राबाग : आम्ही संत्र्याचे डोळे हिवाळ्यात भरतो, म्हणजे डोळा बसवून कलम करतो, जंबेरी लिंबाच्या खुंटावर. आंब्यालाही थंडीपर्यंत थांबा.

मातीवाला : संत्र्याचं संत्र्याला. आंब्याच्या काडीला दमट हवा लागते, नागपूरच्या थंडीत खुंटाची वाढही मंदावते. आणि पोळ्यानंतर झाडच उरणार नाही, काहून थांबायचं?

काटोलनाका : यंदा मोहोर आलेल्या फांदीची काडी चालेल?

मातीवाला : टाळा. न फुललेल्या, उन्हाकडच्या फांदीची घ्या.

काटोलनाका : उद्याच पानं छाटायला निघतो. टोपी आणि पट्टी कधी काढू?

मातीवाला : कोंब फुटून हिरवा दिसला की टोपी, नाहीतर वाफेनं आतच सडतो. पट्टी मात्र नवी पानं जून होईपर्यंत राहू द्या. आणि काड्या हव्यात त्याच्या दुप्पट तयार करून ठेवा.