नवी टोयोटा हायलक्स: तोंड बदललं, पण खाली काय बदललं? थांबू की आताचीच घेऊ?

खेडगावचा_बागाईतदार

राम राम मंडळी. खेडगावला (ता. दिंडोरी) सहा एकर द्राक्षबाग, राहायला नाशिकला गंगापूर रोडला. दारात २००९ ची पिकअप आहे, तिचा फाळका (हौद्याचं मागचं झाकण) आता दोरीने बांधून चालवतोय. बायको तिच्यातून लग्नाला यायला तयार नाही, आणि तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मागच्या वैशाखात सटाण्याला गेलो तेव्हा मांडवात तिच्या पैठणीला गंधकाचा वास येत होता. आदल्या दिवशी भुरी रोगासाठी गंधक धुरळणीच्या गोण्या नेल्या होत्या आणि मी केबिन नीट झाडली नव्हती.

तर दोन वर्षं डबल कॅबच्या, म्हणजे दोन रांगा सीट असलेल्या पिकअपच्या, मागे आहे. हायलक्स चालवून बघितली. २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस ताकद, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर ओढ (टॉर्क). मन बसलं. पैसे भरायच्या बेतात होतो, तेवढ्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये थायलंडला तिची नववी पिढी दाखवली आणि पोरगा म्हणाला, पप्पा थांबा. तेव्हापासून रात्री एकपर्यंत व्हिडिओ बघतोय. बारीक डोळ्यांसारखे दिवे, पुढे मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव. ह्या चेहऱ्याला कंपनी स्वतःच 'सायबर सुमो' म्हणते म्हणे. मला सुमो म्हटलं की वणीच्या गडावर दहा-बारा जण कोंबून नेणारी आपली टाटाची सुमोच आठवते, असो.

प्रश्न एवढाच: खाली काय बदललंय? इंजिन, चासी (खालचा सांगाडा), मागचे पाटे (लीफ स्प्रिंग)? भारतात कधी येईल याचे अंदाज नकोत, ते पोरगा रोज सांगतो.

पाटेवाले_काका

नाशिकच्या अंबडला ३१ वर्षं पाट्यांचं काम करतोय. पिकअपबद्दल बोलायचं तर आधी खाली वाकून बघायचं, चेहऱ्याचं नंतर.

चासी त्याच घराण्यातली आहे. आयएमव्ही म्हणतात, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांचा एकच पाया, २००४ पासून चालू. २०१५ ला आठव्या पिढीत तिच्यावर चांगलं काम झालं, तीच पुढे चालवलीय. आपल्याकडची इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स सगळ्या ह्याच वंशातल्या. डिझेलही तेच २.८. म्हणजे तुम्ही जी चालवून आलात तिची हाडं आणि नवीची हाडं सारखीच. पोरांना हे ऐकून वाईट वाटतं, मला बरं वाटतं. हाडं जुनी म्हणजे खोड्या माहीत असलेली.

मागे पाटे आहेत हे मात्र घरात आधीच सांगून ठेवा. फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग, म्हणून ती मऊ. पाट्याचं गणित वेगळं. तो माल पेलायला बसवलेला असतो. हौदा रिकामा असला की तो दबतच नाही, आणि मग प्रत्येक खड्डा थेट मागच्या सीटवर. दोन-तीनशे किलो टाकले की पाटा दबतो, पाट्याचं एक पान दुसऱ्यावर सरकायला लागतं आणि गाडी एकदम शहाणी होते. म्हणून शोरूमवाल्याची रिकामी चक्कर फसवी. मालकाला वाटतं गाडी कडक, आणि वहिनींना मागे बसवलं तर सौदाच मोडतो.

माझ्याकडे एकाने रिकाम्या गाडीचं ढुंगण वर दिसावं म्हणून एक जादा पान टाकून आणलं होतं. कुठून टाकलं ते नाव घेत नाही. महिन्यात आई-वडिलांनी त्या गाडीत बसणं सोडलं. मी ते पान काढलं, गाडी होती तशी झाली, तो माझ्यावरच रुसला की आता उंच दिसत नाही.

नवीत खरा बदल माझ्या मते स्टेअरिंगचा. आताच्या गाडीला हायड्रॉलिक आहे, पंप इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. नवीला विजेची मोटर. हाताला हलकं पडणार, आणि गाडीने स्वतः लेन सांभाळायची वगैरे जी नवी सोय असते तिला मोटर लागतेच. पण होज पाइप फुटला तर अंबडमध्ये मी दुपारपर्यंत बदलून देतो. मोटर रुसली तर लॅपटॉपवाला पोरगा शोधा. हे माझं म्हातारपण बोलतंय असं समजा.

एक करा. ओळखीत कोणाची हायलक्स असेल तर हौद्यात टोमॅटोची १५ कॅरेट टाका, वीस-वीस किलोची. वहिनींना मागच्या सीटवर बसवा. मग ठरवा.

नाशिकरोड_ते_पर्थ

इकडे ऑस्ट्रेलियात हायलक्स म्हणजे आपल्याकडच्या बोलेरोसारखी, गवंड्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांकडे. आधीची चार वर्षं चालवली, नवीची चक्कर मारली. काकांचं बरोबर आहे, रस्त्यावर पहिली पाच मिनिटं तीच गाडी वाटते. फरक पार्किंगमध्ये कळतो, स्टेअरिंग बोटाने फिरतं. डॅशबोर्ड पूर्ण नवा, पण दार उघडताना जुनीच गाडी, कारण केबिनचा सांगाडा तोच ठेवलाय. मागच्या सीटची पाठ अजूनही सरळसोट. हौदा लगेच मागे असल्यावर पाठ कलणार तरी कुठे?

मला आवडलेली गोष्ट क्षुल्लक आहे: हौद्याच्या बाजूला पाय ठेवायला पायरी दिलीय. टायरवर चढून माल बघायचे दिवस संपले.

नवीची इलेक्ट्रिकही निघालीय, तिच्या नादी लागू नका. बॅटरी ५९.२ किलोवॅट तासांची, युरोपच्या चाचणीत एका चार्जला २४० किलोमीटरच्या आसपास. तुम्ही बागेतून वाशीला माल टाकून परत यायचं म्हणाल तर कसारा घाट चढताना घाम फुटेल. खाणीत, दिवसभर एकाच आवारात फिरायला ठीक.

सिडको_व्हीक्रॉस

माझी इसुझूची पिकअप, डी-मॅक्स व्ही-क्रॉस, १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर. हायलक्सपेक्षा कितीतरी स्वस्त. सापुतारा घाटात ताकद कमी पडली असं आजवर झालं नाही. थांबायचं म्हणाल तर ऐका: हिची तिसरी पिढी थायलंडला २०१९ लाच आली. आपल्याकडे अजून दुसरीच विकतात. मी तेव्हा थांबलो असतो तर आजही सिटी बसने फिरत असतो.

सातपूरकर_६८

सगळे परदेशी गाड्यांचं कौतुक करताय. २००२ ला स्कॉर्पिओ निघाली ती आपल्या नाशिकच्या कारखान्यातून. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाऊनमध्ये स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली पिकअप दाखवली. मी तिच्यासाठी थांबलोय.

सिडको_व्हीक्रॉस

थांबा काका. कुंभमेळा मात्र बघून घ्या तोवर.

खेडगावचा_बागाईतदार

काकांचा प्रयोग केला. मोहाडीच्या मित्राची हायलक्स, १५ कॅरेट, शिवाय तो म्हणाला दोन खताच्या गोण्याही टाकू. बायको मागे. आधी रिकामी गाडी खेडगावच्या मळ्याच्या रस्त्याने नेली तेव्हा ती एक शब्द बोलली नाही, ते जास्त वाईट. माल टाकून त्याच रस्त्याने परत आलो आणि दिंडोरीपर्यंत ती फोनवर बहिणीशी गप्पा मारत होती. म्हणजे पाटा दबतो हे मान्य.

तक्रार भलतीच निघाली. साडी नेसून चढता येत नाही, पायरी उंच आहे. नवीत हौद्याला पायरी दिलीय, पण तिला हौद्यात नाही, गाडीत बसायचंय. ही खालची जादा पायरी कोणाकडून बसवावी, काका? चासीला भोक न पाडता होते का?

पोराला सांगितलं, थांबत नाही. त्याने तोंड पाडलंय. त्यात काल बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टेप लावली. गाडी ५३२५ मिलिमीटर, माझी जागा खांबापासून भिंतीपर्यंत बरोबर पाच मीटर. व्हिडिओ बघण्यात दोन महिने घालवले, टेप लावायला दोन मिनिटं लागली. वॉचमन म्हणतो, फाळका उघडा ठेवून भिंतीवर टेकवा. त्याला फाळका कुठल्या बाजूला असतो तेच माहीत नाही.

बहुतेक गाडी खेडगावला शेडमध्ये राहील आणि मी शहरात स्कूटीवर. जुनी पिकअप विकू नका असं घरून सांगण्यात आलंय. गंधकासाठी तीच राहणार.

पाटेवाले_काका

भोक न पाडता होते. बॉडी माउंटच्या, म्हणजे केबिन चासीला जिथे जोडलेली असते तिथल्या, बोल्टवर ब्रॅकेट बसतं. रविवारी सोडून कधीही या. वहिनींना घेऊन या, उंची त्यांच्या मापाने ठरवू.