मायकल शारा: पुलित्झर मिळूनही हयातीत अपरिचित राहिलेला युद्धकादंबरीकार

पुस्तकपेटी
मायकल शारा यांची ‘द किलर एंजल्स’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण यांच्या यादवी युद्धातली, १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांतील गेटिसबर्गची लढाई तिच्यात आहे. ऐतिहासिक कादंबरीतला निवेदक बहुधा एकाच छावणीत मुक्काम ठोकून असतो असा माझा अनुभव. इथे मात्र तो प्रकरणागणिक तंबू बदलतो, आज दक्षिणेचा सेनानी लाँगस्ट्रीटच्या, उद्या उत्तरेचा पलटणप्रमुख चेंबरलेनच्या. १९७५ साली पुलित्झर मिळवणारा हा लेखक जिवंतपणी गाजला का नाही? आणि त्याने रंगवलेली माणसे इतिहासाला कितपत धरून आहेत?

दक्षिणवारा
पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यातच सापडते. जन्म १९२८ चा, जर्सी सिटीतला. छत्रीधारी सैनिक, मुष्टियोद्धा, फ्लोरिडात पोलीस शिपाई आणि पुढे तिथल्याच विद्यापीठात साहित्याचे अध्यापक, असा त्यांचा प्रवास झाला. लेखनाची सुरुवात विज्ञानकथांनी झाली होती. १९६४ मध्ये कुटुंबासह गेटिसबर्गला गेले असता त्या रणभूमीने त्यांना जे पछाडले, त्यातून ही कादंबरी आली. त्यांचे पणजोबा दक्षिणेकडून तिथे लढून जखमी झाले होते, हाही एक धागा. पुढच्याच वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हृदयविकाराचा मोठा झटका आला. १९७२ मध्ये इटलीत मोटारसायकलचा अपघात होऊन डोक्याला गंभीर इजा झाली. पंधरा प्रकाशकांनी नाकारलेले हस्तलिखित अखेर १९७४ मध्ये छापले गेले, तेव्हा व्हिएतनामला विटलेल्या अमेरिकी वाचकाला लढाईची गोष्ट नकोशी झाली होती. पुलित्झरनेही खप फारसा वाढला नाही. १९८८ मध्ये ते गेले. पुस्तक खपाच्या यादीत चढले ते १९९३ मध्ये, त्यावरचा ‘गेटिसबर्ग’ चित्रपट आल्यावर. मुलगा जेफ याने मग वडिलांच्या कादंबरीच्या आधीचा आणि नंतरचा काळ घेऊन दोन कादंबऱ्या लिहिल्या. लोकांना आज बहुधा तोच अधिक ठाऊक आहे, हे मला थोडे खटकते.

जुनी संगीन
दुसऱ्या प्रश्नाविषयी. गेटिसबर्गला दक्षिणेच्या फौजेचे नेतृत्व करणारे सेनापती ली यांचा १८७० मध्ये मृत्यू झाल्यावर जुबल अर्ली आणि इतर माजी दक्षिणी सेनानींनी गेटिसबर्गच्या पराभवाचे खापर लाँगस्ट्रीटवर फोडले. युद्धानंतर तो उत्तरेचा मानल्या जाणाऱ्या रिपब्लिकन पक्षात गेला होता, हा त्यांच्या लेखी त्याचा खरा अपराध. शारा यांनी त्याच्या आठवणींचा आधार घेऊन, समोरून चढाई करण्याऐवजी शत्रूला वळसा घालून सोयीच्या जागी बचावाची लढाई लढावी असे सुचवणारा आणि तरीही तिसऱ्या दिवशी हाताखालच्या पिकेट या सेनानीच्या तुकड्यांना मनाविरुद्ध पुढे पाठवावे लागलेला सेनानी उभा केला. ली यांच्यावरची त्याची निष्ठा आणि त्यांचा निर्णय चुकतो आहे ही खात्री, या दोहोंत अडकलेला तो माणूस हेच माझ्या मते पुस्तकाचे मर्म आहे.

टेकडीखालचा
कौतुक मान्य, पण ही लाँगस्ट्रीटची बाजू आहे, निवाडा नव्हे. ‘लिटल राउंड टॉप’ या टेकडीवर काडतुसे संपल्यावर चेंबरलेनच्या विसाव्या मेन (मेन राज्यातल्या) पलटणीने संगिनी रोखून केलेला हल्ला इतका रंगला आहे, की वाचकाला लढाईचे पारडे तिथेच फिरल्यासारखे वाटते. त्याच दिवशी, २ जुलैला, उत्तरेच्या उजव्या बगलेवर ‘कल्प्स हिल’ची टेकडी जॉर्ज ग्रीन यांच्या ब्रिगेडने रात्रीपर्यंत धरून ठेवली, तिला कादंबरीत जवळजवळ स्थानच नाही. तिथल्या उत्तरेच्या फौजेचे सेनापती मीडही कडेलाच राहतात. आणि ज्या गुलामगिरीपायी हे युद्ध पेटले, तिचे प्रतिनिधित्व करायला एकच जखमी, पळून आलेला गुलाम येतो. चेंबरलेनच्या पलटणीतला बस्टर किलरेन हे लोभस पात्र तर पूर्णपणे काल्पनिक आहे.

पुस्तकपेटी
सर्वांचे आभार. किलरेन काल्पनिक आहे हे वाचून चुटपुट लागली, कारण चेंबरलेनपेक्षा मी त्याच्याच मागून चालत होतो. आता लाँगस्ट्रीटच्या आठवणी मिळवतो. एक शंका उरते: संगिनी रोखण्याचा हुकूम दिल्यानंतर धावा करण्याचा स्पष्ट हुकूम चेंबरलेनने दिला होता का?

टेकडीखालचा
त्याच्याच पलटणीतल्यांचे यावर एकमत नाही. एलिस स्पिअर हा अधिकारी सांगतो की असा हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. शेजारची माणसे पुढे जाताना दिसली म्हणून तोही आपली फळी घेऊन उतरणीवरून निघाला.