मदत हवी आहे: पोस्टाच्या जुन्या तिकिटांखाली देशाचं नाव काय लिहू?

भुसावळकर_७: रविवारी शाळेत प्रदर्शन आहे, बाबांच्या अल्बममधल्या तिकिटांखाली पट्ट्या लावायच्यात, बाकीचं झालं पण रशिया म्हणजे सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया आणि पूर्व जर्मनीला अडकलोय. हे देश आता नाहीतच, मग नाव जुनं टाकायचं की आत्ताचं? आज रात्री प्रिंट काढायचीये, लवकर सांगा.

केळीवाला_रावेर: आत्ताचं लिही भो, पोरांना सोव्हिएत काय कळणार.

तापीकाठ: आत्ताचं म्हणजे कोणतं? सोव्हिएत संघ १९९१ ला फुटला आणि १५ देश झाले. तिकिटं कोणत्या सालची ते आधी सांग ना.

साक्रीची_ताई: पाकिटावरची तिकिटं ओढून काढू नका हं, कोमट पाण्यात ठेवली की आपोआप सुटतात.

भुसावळकर_७: ताई, ती सुटीच आहेत. एक १९८४ चं भारत-सोव्हिएत अंतराळ मोहिमेचं, एक युगोस्लाव्हियाचं १९९६ चं, जर्मनीची बरीच आहेत. आणि एक अख्खं पाकीट, ताश्कंदचा शिक्का, १९७८.

केळीवाला_रावेर: ताश्कंद म्हणजे उझबेकिस्तान, तेच लिही.

तापीकाठ: अजिबात नको. शास्त्रीजी १९६६ ला ताश्कंदला वारले तेव्हाही ते सोव्हिएत संघातच होतं. वर 'सोव्हिएत संघ', खाली बारीक 'ताश्कंद, आता उझबेकिस्तान'. जर्मनीच्या ज्यावर डीडीआर छापलंय तेवढ्यांनाच 'पूर्व जर्मनी, १९४९-१९९०'. युगोस्लाव्हियाचं जपून, १९९६ चं म्हणजे राष्ट्राध्यक्ष टिटोंचा जुना, सहा प्रजासत्ताकांचा देश नव्हे, १९९२ नंतर सर्बिया आणि माँटेनिग्रो दोघांनीच ते नाव २००३ पर्यंत चालवलं, म्हणून पट्टीवर साल पाहिजेच.

असीरगड_प्रेमी: आपला खान्देश पण वेगळं राज्य होतं, फारुकी सुलतानांचं, राजधानी बुऱ्हाणपूर. १६०१ ला अकबराने असीरगड घेतला, शहजादा दानियालच्या नावावरून दानदेश नाव दिलं, पण लोक खान्देशच म्हणत राहिले.

केळीवाला_रावेर: आणि बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात. म्हणूनच म्हणतो, बघणाऱ्याला आजच्या नकाशात सापडलं पाहिजे.

भुसावळकर_७: बरं, जुनं नाव मोठं, आत्ताचं कंसात, फायनल. पण बाबांनी अल्बममध्ये स्वतःच्या अक्षरात सगळीकडे 'रशिया' लिहून ठेवलंय, ते पट्टीखाली झाकायची इच्छा होत नाही.

तापीकाठ: झाकू नकोच, तेव्हा आपल्याकडे सगळे रशियाच म्हणायचे. पट्टी पानाच्या खालच्या कडेला लाव, आणि डिंक वापरू नको, फोटो कॉर्नर घे, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात.