टू-स्ट्रोक डर्ट बाइक: नुसता टॉप एंड (पिस्टन-सिलिंडर) करू की क्रँककेसही (क्रँकशाफ्ट असलेला इंजिनचा खालचा भाग) उघडू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. 125 सीसीची टू-स्ट्रोक डर्ट बाइक सेकंडहँड घेतली आहे. सुरू होते, पण किक फारच हलकी लागते. गरम झाली की थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लवकर उतरत नाही. इंजिनचं काम आधी कधी झालं, त्याची काहीच नोंद नाही.

हेड आणि सिलिंडर काढून पाहिलं. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आहेत, आणि सिलिंडरला त्याच जागी ॲल्युमिनियमचा चंदेरी पट्टा चिकटलाय. नखाला मात्र खाच लागत नाही. सिलिंडर निकासिल कोटिंगचा (आतून निकेलचा पातळ, कठीण थर) आहे, म्हणजे नुसतं बोअरिंग करून भागणार नाही. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला, खेळ जाणवला नाही. आडवा थोडा हलतो, तेवढा तर लागतोच.

माझा संशय मॅग्नेटोकडच्या (इग्निशनच्या बाजूच्या) क्रँक सीलवर आहे. तिथून हवा ओढली जात असेल तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होणार आणि नवा पिस्टनही असाच घासणार, याचीच धास्ती आहे. गिअर ऑइल कमी होत नाही, पांढरा धूरही नाही, त्यामुळे क्लचकडचं सील ठीक असावं.

चिकटलेलं ॲल्युमिनियम ॲसिडने काढायचा अनुभव कुणाला आहे का? कोटिंग उघडं पडलंय हे कसं ओळखता? प्रेशर टेस्ट (इंजिनात हवा भरून गळती तपासणं) नवा पिस्टन टाकण्याआधी करू की नंतर? आणि रॉडमध्ये खेळ नसताना, केवळ नोंद नाही म्हणून क्रँकची बेअरिंगं बदलावीत का? तुम्ही असता तर काय केलं असतं?