मदत हवी आहे: हापूसच्या रसाचा रवा केक मधोमध बसतो आणि खाली चिकट थर राहतो

बिनअंड्याचा केक आहे. बारीक रवा दीड कप, ताजा हापूसचा रस 1 कप, पिठीसाखर पाऊण कप, दही, तेल आणि दूध प्रत्येकी पाव कप, बेकिंग पावडर 1 टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून. 7 इंची ॲल्युमिनियमचा डबा, ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) 10 मिनिटं आधी तापवून 180 अंशांवर 40 मिनिटं, वरखाली दोन्ही कॉइल.

पंचविसाव्या मिनिटापर्यंत सुरेख फुगतो, मग मधे खळगा पडतो. कापल्यावर तळाशी बोटभर जाडीचा थर, खरवसासारखा पिवळा, सुरीला चिकटणारा. कडा मात्र जाळीदार आणि कोरड्या.

बेकिंग पावडर गरम पाण्यात तपासली, फसफसते. अर्ध्या तासाआधी दार उघडत नाही. मिश्रण 30 मिनिटं मुरवून पाहिलं, सोडा-पावडर शेवटीच घातली. थर थोडा कमी झाला, गेला नाही. वेळ 10 मिनिटं वाढवली तर वरून करपला.

इथे रत्नागिरीत हवा दमट, बंद डब्यातला रवाही ओलसर लागतो, म्हणून तो कोरडा भाजून घेते. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, त्यामुळे केक सकाळीच भाजते. अंडं आणि मैदा चालणार नाही, आणि रसाची चव कमी व्हायला नको.

माझा संशय सोड्यावर आहे: रस आणि दही दोन्ही आंबट, त्यात अर्धा टीस्पून म्हणजे भरभर फुगून कोसळत असेल. मग सोडा पाव टीस्पून करू, की रस आटवून पाऊण कप घेऊ? आणि 160 अंशांवर ठेवलं तर किती मिनिटं?